सोळांतल्या अकरा

परदेशी अ‍ॅरेचं कोटेशन टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.
सव्वा लाख, कस्टम वेगळं.
त्याच काचेवर आम्ही आमचा बांधला.

टंगस्टनची तार केसाहून बारीक,
पंख्याच्या वाऱ्यानं उडते, म्हणून पंखा बंद.
सर्किट बोर्डाचा तुकडा सीताबर्डीहून, चाळीस रुपयांत.
सोन्याचं पाणी इतवारीतल्या मुलामावाल्याकडून.
"कोणत्या दागिन्याले?"
"मेंदूला."
तो हसला, पण बाटली दोनदा हलवून दिली.

तारा मात्र मला वश होईनात.
एक सरळ बसवावी तर शेजारची रुसून वळे.
मग तांडापेठेतून धकातेकाका आले,
चाळीस वर्षं मागावर बसलेले,
माग भंगारात गेला तरी
पायांत अजून पावड्यांची सवय.
"ताणाच भरायचा ना? मग फणी कुठी हाय?"
खिशातून नातीची उवांची फणी काढली,
दातांतून एकेक तार ओवली,
आठ-आठच्या दोन ओळी.
डेंटल सिमेंटचा ठिपका. कात्रीचा तिरपा काप.
नऊ व्होल्टच्या बॅटरीवर टोकांना सोनं चढलं.
दिसत नाही ते. मीटरचा आकडा उतरतो तेव्हा कळतं.

मे महिना, सेहेचाळीस अंश.
उंदीर गुंगीत,
आणि पडद्यावर नुसता कूलर,
पन्नास हर्ट्‌झची जाड, तृप्त लाट.
कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा केला,
नळाच्या पाइपाला अर्थिंग दिलं.
तरी लाट.
शेवटी अस्मितानं कूलरचा प्लगच उपटला.

खसाचा वास ओसरला. मानेवरून घाम निघाला.
कापसाच्या काडीनं एक मिशी हलवली
आणि स्पीकरमध्ये
भट्टीतले पहिले दोन-तीन फुटाणे.
थांबलो.
पुन्हा हलवली. पुन्हा फुटले.
कुणी ओरडलं नाही.
झोपलेल्याच्या घरात शिरल्यासारखे
आम्ही दबकून उभे होतो.

पाळीपाळीनं सोळाही तारा लावून ऐकवल्या.
काका डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर.
"अकराच बोलून राहिल्या.
पाच काऊन मुक्या?"
सहावीचं इन्सुलेशन कापताना सोललं असेल, मी म्हटलं.
बाकीच्यांचं ठाऊक नाही.
पहिल्याच खेपेला अकरा म्हणजे पुष्कळ, काका.

ते फणी धोतराला पुसत होते.
"धागा तुटला तं आमी कापड पुढं नेत नोहतो."

उंदराची बरगडी वर-खाली होत होती.
कूलर बंदच.
त्यांनी तारेचं रीळ जवळ ओढलं.