मधल्या तीन दिवसांतलं लाकूड

ओतीलियामावशी गुरुवारी पहाटे गेली.
माती रविवारी द्यायची ठरली.
मधले तीन दिवस घरभर कॉफीचा वास, पै-पाहुणे,
आणि मी करवत घेऊन
मागल्या दारानं निघालो.

"आत्ताच सुचली का लाकूडतोड?" आउस्मा, माझी थोरली बहीण.
काय सांगणार होतो तिला?
पलीकडच्या शेतातला म्हातारा दोनात्स म्हणायचा,
कोक्लेसाठी झाड तोडायचं
ते माणूस गेलेलं असतं पण मातीआड झालेलं नसतं
तेवढ्याच वेळात.
एरवी तोडशील तर फळी होईल, वाद्य नाही.
बाप्यासाठी ओक, बाईसाठी लिंडन.

मी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस.
असल्या गोष्टी मानत नाही.
तरी गेलो.

मधमाश्यांच्या पेट्यांमागचं लिंडन.
त्याच्याखाली मावशीनं चाळीस उन्हाळे
हातमोजे न घालता मध काढला.
तिला गाणं-बजावणं सोसत नसे.
रेडिओ लागला की म्हणायची,
बंद कर, माश्या बिथरतात.
माश्यांचं नाव पुढे करून
बाईनं जन्मभर आपली शांतता राखली.

नोव्हेंबर. फांदीवर पान नव्हतं,
समुद्राकडून कुर्झेमेचा तो ओला, हाडात शिरणारा वारा.
झाड पडलं
ते बटाट्याचं पोतं खाली ठेवावं तसं.
मला वाटलं होतं, मोठा आवाज होईल.
ओंडक्याची टोकं तडकू नयेत म्हणून
मेणानं लिंपली. तिच्याच मेणानं.
रविवारी मूठभर माती टाकताना
माझ्या नखांत भुसा होता.
आउस्मानं पाहिला. बोलली नाही.

मग दोन वर्षं काहीच नाही.
ओंडका कोठाराच्या माळ्यावर,
मी खाली, कुणाच्या ना कुणाच्या इंजिनात.
लाकडाला घाई खपत नाही
आणि मला तरी कुठं होती.

तिसऱ्या हिवाळ्यात खाली काढला, कोरायला घेतला.
लिंडन मऊ.
पटाशी लोण्यात शिरावी तशी शिरते
आणि तिथंच माणूस फसतो.
एका दुपारी हात जड पडला,
तळ इतका पातळ झाला
की दिव्यासमोर धरल्यावर पलीकडचा उजेड
तांबूस दिसला, कानाच्या पाळीतून दिसतो तसा.
शिव्या घातल्या. स्वतःला, दोनात्सला,
मावशीलासुद्धा.
दोनात्स तोवर वारला होता, विचारू कुणाला?
(त्याच्यासाठी कुणी ओक तोडला नाही.
मी त्या आठवड्यात वेंटस्पिल्सला होतो.)
आतून ठिगळ चिकटवलं आणि पुढे गेलो.

वरची फळी स्प्रूसची.
तीत एक तारा कोरला, सहा टोकांचा,
मावशीच्या बिस्किटांच्या साच्याबरहुकूम,
आणि त्यावरून नऊ तारा ओढल्या.
खुंट्या केल्या मोडक्या कुदळीच्या दांड्यातून.

आता सूर.
सगळ्यात खालची तार नुसती घुमत राहते,
बाकीच्या तिच्या जिवावर बोलतात.
तिला कुठला सूर द्यायचा?
घरात पियानो नाही, माझा कान बेताचा.
रात्री स्वयंपाकघरात फ्रिज घुमत होता,
त्याला लावली.
खुंटी सटकली. खडू चोळला, परत पिळली.
पहाटेपर्यंत चार तारा जुळल्या,
उरलेल्या पाच सासुरवाशिणींसारख्या धुसफुसत राहिल्या.

आउस्मा जूनमध्ये आली.
वाद्य मांडीवर घेतलं, आधी वास घेतला,
मग तळावरून तळवा फिरवला
आणि ठिगळापाशी बरोबर थांबली.
"इथं काय झालं?"
"घाई."
"तुला?" म्हणाली, आणि त्या घरात
कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं.

मी वाजवायला बसलो
तर ती उठली,
पेट्यांकडची खिडकी लावून घेतली,
कडी घातली.
पेट्या विकून वर्ष झालं होतं.
मी काही म्हणालो नाही.
ती परत येऊन बसेपर्यंत
सहावी तार पुन्हा उतरली होती.