काटा

वही माझ्याकडे असते.
नववीपर्यंत शिकले म्हणून नव्हे,
माझ्या खोलीला पोटमाळा आहे म्हणून.
बैंगणवाडीत नाला घरात शिरला
की जो कागद कोरडा राहतो, तोच हिशोब खरा.

बारा नावं. शनिवारी पन्नास-पन्नास.
पान अकरा, सोजरबाई.
अंगठा, अंगठा, अंगठा,
मध्ये एकदा पन्नासाऐवजी वीस,
एकदा अंगठाच उठला नाही,
काचेनं कापलेला होता.

आठ हजार मागितले तिनं.
कशाला?
काट्याला.

कुणीतरी फिसकन हसलं.
अगं, शिलाई मशीन माग, मसाल्याला माग,
काटा काय चावून खाणारेस?

सोजर म्हणाली,
"वीस वर्सं झाली, डोंगरावर कचरा येचते.
गोणी डोक्यावर घेतली की मानेला कळतं,
चौदा किलो हाये.
दुकानात टेकवली की अकरा भरती.
मधलं तीन किलो जातं कुठं?
रोजचं तीन. वीस वर्सं.
त्याच्या दुकानावर माडी चढली, ती बघा.
थितं हाये मपलं वजन."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
मेहरुन्निसा म्हणाली, लिख डाल.
बँकेच्या फॉर्मवर काट्यासाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं : किरकोळ व्यापार.

काटा आला तो जुनाच,
चेंबूरच्या बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातला.
बटणांत पाक अडकलेला.
मागोमाग मुंग्याही आल्या, आठवडाभर राहिल्या.

भंगार दुसऱ्या दिवशी आलं.
पहिल्या संध्याकाळी आली सगळी गल्ली.
मेहरुन्निसाची नात टॉवेलात गुंडाळून :
दोन किलो नऊशे.
नळीचा सिलिंडर. कुणाची तरी सासू.
आणि रेशनचे पाच किलो तांदूळ :
चार किलो तीनशे चाळीस.
पुन्हा ठेवले.
चार किलो तीनशे चाळीस.
त्या रात्री गल्लीत कुणाच्या घशाखाली
भात नीट उतरला नाही.
आमच्याकडे काटा एकाच शब्दाला तीन कामं करतो :
तोलतो, रुततो,
घड्याळात फिरतो.

सोजर चौदाला चौदाच म्हणायची.
बायका यायला लागल्या, पोरंही.
पुठ्ठा, पत्रा, काळं प्लास्टिक
दाराबाहेर कमरेएवढं.
पण ती जिथं विकायची
तिथला काटा अजून त्याचाच होता.
तिसऱ्या महिन्याचा हप्ता अडला.

रात्री दहाला आली. पदराची गाठ सोडली,
वहीवर एक चुंबक ठेवला, रुपयाएवढा.
"ताटाखाली चिकटवायचा म्हणं.
धाला नऊ दाखीवतो. समद्येच लावत्यात."
मी काहीच बोलले नाही.
मी फक्त लिहिते.
तीही बसून राहिली.
बाजूच्या टीव्हीत कुणाचं तरी लग्न लागत होतं.
मग उठली, चप्पल घातली, गेली.
चुंबक विसरली की ठेवून गेली,
मी आजवर विचारलेलं नाही.
वहीच्या टाचण्या त्याला चिकटून असतात.

बँकेच्या मॅडमनी फोन केला : अकरा नंबर?
म्हटलं, गावाला गेलीय, मयत झालंय, पंधरा दिवसांनी भरेल.
सोजरचं गाव कधीच धरणाखाली गेलं.
त्या महिन्यात खोटं वजन झालं ते एवढंच,
आणि ते माझ्या नावावर आहे.

सोळाव्या दिवशी पैसे आणले तिनं,
बरीचशी चिल्लर.
कुठून, तेही लिहिलेलं नाही.
अजून सात हप्ते आहेत.

सकाळी पाण्याला जाते तेव्हा दिसते.
ताट पुसते, शून्य यायची वाट बघते.
कधी सात ग्रॅम दाखवतो, कधी नऊ,
धूळ असते, वारा असतो,
पुन्हा पुसते.
शून्य आलं की गोणी ठेवू देते,
आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून
अशी उभी राहते,
शाळेची पायरी न चढलेली ती बाई,
जशी पाढे म्हणायला उभी केलेली पोर.
समोरची बाई आकडा वाचते.
तिला वाचता येत नसेल
तर सोजर थांबते,
रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही पोराला हाक मारते :
"ये रे, मोठ्यानं सांग किती झालं."