एकेचाळीस

फटीकाका पंच झाला तेव्हा
त्याच्या पायांवरचा खाजनाचा चिखल
पंचायतीच्या लादीवर सुकला.
सरपंच झाला, तसा पायरीवर पाय धुऊ लागला.
आमदार झाल्यावर
चोडणहून पहिल्या फेरीबोटीने पणजी,
शेवटच्या फेरीबोटीने परत,
आणि फायलीत दाबलेली कोरगुटाची एक लोंबी.

पाच वर्षं एकच प्रश्न:
आमच्या बांधाचं खांड कधी बुजणार?
पाच वर्षं एकच उत्तर, छापील.
भरतीला कुठला आलाय दम,
खारं पाणी दिवसातून दोनदा
शेतात शिरायचं आणि निघून जायचं
मतदारासारखं, काही न बोलता.

एकेचाळीस मतांनी पडला.
त्यातलं एक माझं.
थोरल्याला नोकरी हवी होती मला,
आणि हा म्हणालेला,
"होईल म्हणून खोटं कसं सांगू?"

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटीला,
मानशीच्या दारापाशी तो
कमरेभर पाण्यात उभा,
कुजलेली फळी उचकटत.
मी बांधावर थबकलो.
वर न बघताच विचारलं त्याने,
"खिळे आणलेस?"

नव्हते आणले.
घरी जाऊन आणले.