संत्र्याचा तास

चौथी ब, जुनी इंदूर.
प्रयोगशाळा म्हणजे फरशी पुसायची निळी बादली
आणि घासाघीस करून आणलेली दोन संत्री.

पहिलं तरंगलं. कुणाला नवल नाही.
दुसरं पर्वेझनं सोललं,
साल खिशात घातली, अम्मीला वाळवून लागते म्हणे,
आणि सोडलं पाण्यात.

गडप.

"हलकं झालं, तरी बुडालं?"
"पाणीच खराब असेल," दुष्यंत म्हणाला, आणि खरंच
नवं भरून आणलं त्यानं, अर्धं जिन्यात सांडत.
पुन्हा गडप.

मी फळ्याकडे वळले.
'घ' लिहून झाला होता,
तेवढ्यात मागच्या बाकावरून अनोखी केवट,
जुलैपासून हजेरीखेरीज न बोललेली:

"खेडीघाटला मामा पोहायला शिकवतो ना,
छाती भरून घेतली की मैया वर धरते.
फू केलं, की खाली.
संत्र्याची हवा सालीत होती."

पर्वेझनं खिशातून साल काढली,
पाण्याखाली चिमटीत दाबली.
बारीक बुडबुडे.
चाळीस डोकी एका बादलीवर.

घंटा झाली. कुणी हललं नाही.
'घनता' लिहायची राहूनच गेली.
दुसऱ्या दिवशी पाहते तर
माझ्या 'घ'पुढे कुणीतरी
'र' जोडून ठेवला होता.