काटा

लढाया बारा झाल्या, नाव एकच.
नदीचं.
लिहिणाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसावं,
म्हणून पहिली, दुसरी, तिसरी,
नकोशा पोरी मोजाव्यात तशा.

माझा वजनकाटा कोबारिडच्या वरच्या रस्त्याला,
लाकडी छपराखाली.
ओझ्बाल्ट आणि त्याचा भाऊ डोंगरावरून पोती उतरवतात,
मी तोलते, वहीत मांडते.
पितळ वेगळं, तांबं वेगळं, शिसं वेगळं.
लोखंडाला कोण विचारतो, तरी घेते.

सात वर्षं हेच केल्यावर
धातू बोलायला लागतो.
पहिल्या वर्षीचं पितळ जाड, सढळ हाताचं.
पाचवी धुक्यात झाली, तिचं फारसं काही सापडत नाही.
सातवी, आठवी, नववी
एका पोत्यात येतात, निवडत बसायला वेळ कुणाला.
दहावीच्या सुमाराचं पितळ
नखानं टिचकी मारली तर घुमतं.
आमच्या गावची मोठी घंटा त्यांनी उतरवून नेली होती;
मी टिचकी मारून बघते,
मग बघत नाही.

आणि दगड. इथे खंदक खणता येत नाही, फोडावा लागतो.
तोफ लागली की डोंगरच गोळ्या होऊन उडायचा.
दगडाचं वजन आम्ही करत नाही.

बारावीनं सगळं आटोपलं.
रात्री दोनला वायू, मग पाऊस,
दुपारी रस्त्यावर नुसते बूट.
नदी मात्र तशीच हिरवी.
बारा गावचं पाणी प्यालेली,
तिला कोण काय विचारणार.

ऑक्टोबरात एक बाई आली.
एर्मेलिंदा, अब्रुत्सोच्या डोंगरातली,
गोरित्सियापासून एकेका भंगाराच्या छपराशी थांबत आलेली.
तिची भाषा मला कळली. आता कळावीच लागते,
माझ्या स्तान्काची हजेरीसुद्धा त्याच भाषेत घेतात,
नाव बदलून.

म्हणाली, शिरस्त्राणं दाखव.
मी म्हटलं, त्याला भाव नाही, पत्रा आहे.
दाखव, म्हणाली.

एकोणचाळीस होती.
चिखलात गुडघे टेकून तिनं एकेक उचललं,
आत हात घालून वीत ताणली,
आणि बाजूला ठेवलं.
नाव नाही पाहिलं, नंबर नाही पाहिला.
दोनातोचं डोकं मोठं होतं, म्हणाली.
दोन दिवस अडला होता.
सुईण म्हणाली, आई तरी वाचवू या.
मी म्हटलं, थांब.

एक वीत आणि चार बोटं.
तिनं हवेत धरून दाखवलं,
तेवढी हवा दोन हातांत धरून
ती जरा वेळ तशीच बसली.

संपली तेव्हा अंधार पडला होता.
मी दूध तापवलं, ती प्याली.
पैसे देऊ लागली. कशाचे, विचारलं.
तुझा ढीग विसकटला, म्हणाली.
पुढे कुठे जाणार?
वर, बोवेत्सला. तिथेही काटा आहे म्हणतात.

त्यानंतर ओझ्बाल्ट पोतं ओतून गेला
की मी दार लोटून घेते.
माझी वीत लहान आहे,
तिच्या चार बोटांची मला साडेपाच धरावी लागतात.
आजवर तीन निघाली त्या मापाची.
एकाला कानाशी भोक आहे,
एकात माती आणि एका रोपट्याचं मूळ,
तिसरं अगदी धड.
सरपणामागे ठेवलीत.

परवा ओझ्बाल्टला दिसली.
ही का तोलली नाहीस?
वहीत मान खुपसून मी म्हटलं,
ओली आहेत अजून.
सुकू देत.