निवटा

चोडणच्या पंचायतीत आम्ही नऊ.
पाचजण मानशीच्या दुरुस्तीसाठी एकत्र आलेलो:
इगर्जीकडचे दोन, देवळाकडचे दोन,
आणि मी, निवृत्त विज्ञान मास्तर,
कुणाकडचाच नाही म्हणून सगळ्यांना चालणारा.

पिएदादबाईंच्या पर्समध्ये बांधाचा नकाशा,
नकाशाच्या घडीत जपमाळ.
शांबा पालयेकर देवस्थानची केळी आणायचा,
त्या सालासकट पिशवीत टाकायच्या, घरी न्यायला.
दोघांचं एकाच गोष्टीवर जमलं होतं:
खारं पाणी शेतात शिरता कामा नये.

समोरच्या चौघांना तिथे बोटींसाठी धक्का हवा होता.
ते थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

मग शाळेच्या पालकसभेत तो धडा निघाला,
शिकवावा की गाळावा.
पिएदादबाई म्हणाल्या, पोरांना माकड म्हणू नका, एवढंच.
शांबा म्हणाला, मास्तर, आमच्या दशावतारात
पहिला मासाच की.
तो जवळ येत होता. आता कळतं.
तेव्हा माझ्या हातात माइक होता
आणि तीस वर्षांचा राग.
"ज्यांची शेपटी अजून गळली नाही,
त्यांना पुरावे काय दाखवायचे?"

तिघे हसले, खुर्च्या वाजवत.
तिघेही समोरच्या पॅनेलचे.

अविश्वासाचा ठराव गुरुवारी आला.
शांबाचा हात सावकाश वर गेला,
डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर.
पिएदादबाई मोजणीआधीच व्हरांड्यात गेल्या
आणि चष्मा पुसत राहिल्या.
पाच विरुद्ध तीन.
डार्विन बरोबरच होता.
इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

मानशीची फळी अजून तशीच कुजलेली.
कोरगूट खारेपण सोसतं, पण किती?
ओहोटीला मी बांधावर जाऊन बसतो.
चिखलात निवटा परांवर रेलून वर येतो,
बटणासारखे डोळे, माझ्याकडे रोखलेले.
पाण्याबाहेर येताना
तो गालांत थोडं पाणी धरून ठेवतो,
त्यावरच तगतो.
हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवलं.
आणि सभेत, माणसांना म्हणालो, थुंका ते आधी.

काल मागून चपला वाजल्या.
पिएदादबाई. सहा महिन्यांनी.
माझ्याकडे न बघता
शेताकडे बोट करून म्हणाल्या,
"मास्तर, उदक भितर आयलां."