नाडी

शरणपूरला, चर्चमागच्या खोलीत
उपासना सुटली की मी पोरांना
मनगट धरायला सांगते. स्वतःचं.
तीस वर्षं वॉर्डात नाड्या मोजल्या,
मला शिकवता येतं ते एवढंच.

“अर्धा मिनिट. बोलायचं नाही.”
शद्रख खिदळतो, मग गप्प.
बेचाळीस. डोळ्यांत रात्री तीनपर्यंतचा मोबाइल.
एलिशिबाची बोटं मात्र जागाच शोधताहेत.
उपवासकाळ सरून महिना झाला,
तिचा सरलेला नाही.
घरी म्हणते, प्रार्थनेसाठी.
मला आरशासाठी वाटतो.
विचारत नाही.

डबा उघडते. बाजरीची भाकरी,
शेंगदाण्याची चटणी.
मोडते, पहिला तुकडा तिच्या हातावर.
“हा प्रभुभोजनाचा नाही गं.
भुकेचा आहे.”

ती कडेकडेने खाते, उंदरासारखी.
पाणी पिते. आणि
ओल्याच बोटांनी माझं मनगट धरते.
ओठ हलतात तिचे, मोजताना.

“एकावन्न, बाई. गोळी घेतली?”

बाहेर त्र्यंबक रोडवर कुणाचा तरी हॉर्न अडकलाय.
सगळी पोरं माझ्याकडे बघताहेत,
मी त्यांच्याकडे बघते तशी.
मी पर्स चाचपते. शद्रख पेला भरून आणतो.

“बसून प्या,” म्हणतो.